मीटरच्या मागे

सकाळी ७.४५

बीडच्या बार्शी नाक्यावर एक शटर वर जातं. आत दहा बाय बाराची खोली. भाडं महिना साडेचार हजार. मिस्त्री आधी झाडू घेत नाहीत, बादली घेतात. दुकानापुढच्या मातीवर पाणी मारतात, मग झाडतात. एप्रिल आहे. दहा वाजल्यापासून प्रत्येक गाडीमागे धूळ उठते. उघड्या मीटरमध्ये ती गेली की केलेलं काम पुन्हा करावं लागतं. पाणी विकतचं आहे, ड्रमला सत्तर रुपये. तरी दोन बादल्या मातीला जातात.

पाटीवर ऑटो इलेक्ट्रिक लिहिलंय. हॉर्न, वायरिंग, सेल्फ, डायनॅमो, सगळं करतात. नाक्यावर ओळख मात्र एकाच कामाची, मीटरच्या काट्याची. डिझेलचा, टेंपरेचरचा, स्पीडचा, कुठलाही काटा अडकला की लोक इकडे पाठवतात. धुळे-सोलापूर महामार्ग आता शहराबाहेरून गेलाय, पण गाड्या अजून आत येतात. गिऱ्हाईक त्यांना मामा म्हणतं. हाताखालचं पोरगं उस्ताद म्हणतं. वय छप्पन्न. चष्मे दोन, एक रस्त्यासाठी आणि एक मीटरसाठी.

टेबलावर हत्यारं मांडली जातात. पकड, कटर, चार स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, दाढीचं ब्लेड, झिरो नंबरचा पॉलिश पेपर, शिलाई मशीनचं तेल. स्टीलचे दोन चमचे, पाठीला टेप गुंडाळलेले. आणि सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं हत्यार त्यांनी स्वतः केलेलं : इंडिकेटरचा छोटा बल्ब, दोन वायरी, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला दाभण. खर्च चाळीस रुपये. मल्टिमीटर असताना हे कशाला, असं मी विचारतो. "मल्टिमीटर आकडा दाखवतो. गंजलेल्या वायरीतूनबी बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब पेटला तर खरं, की त्या वायरीत दम हाय."

८.२०

पहिली गाडी जुनी अल्टो. मालक शाळेत शिक्षक. पेट्रोलचा काटा कालपासून अर्ध्यावर बसलाय. चावी काढली तरी अर्ध्यावरच.

"सर, काल गाडी धुतली का?"

"धुतली."

"मीटरची काच पुसली? कोरड्या फडक्यानं?"

"हो, चांगली घासून पुसली."

मिस्त्री हत्यार उचलतच नाहीत. पोराला फडकं ओलं करून, घट्ट पिळून आणायला सांगतात. काचेवरून ते एकदाच, हळू फिरवतात. काटा सुटतो आणि खाली घसरतो. सर चावी फिरवतात. काटा रिकाम्याच्या खुणेच्या जरासा वर येतो आणि तिथंच थांबतो. कालपासून अर्धी वाटणारी टाकी तळाला गेलेली आहे.

मीटरची काच ही काच नसते, प्लास्टिक असतं. कोरड्या हवेत कोरड्या कापडानं घासलं की त्याच्यावर स्थिर वीज साठते. काटा इतका हलका, की ती त्याला धरून ठेवते. पावसाळ्यात हवेतला ओलावा ही वीज आपोआप घालवतो. मराठवाड्यातल्या एप्रिलमध्ये ती तशीच बसून राहते. सर पन्नासची नोट काढतात. मिस्त्री ती घेत नाहीत. दोन चहा सांगा, म्हणतात. सर चहा सांगून पेट्रोल पंपाकडे जातात.

९.०५

ट्रॅक्टर. सांगलीकडच्या कारखान्याला पाच महिने ऊस ओढून परत आलाय. चाकांच्या आत तिकडची माती वाळून घट्ट बसलीय. मालक स्वतः चालवत आलाय. तक्रार विचित्र आहे. इंडिकेटर लावला की डिझेलचा काटा नाचतो, पुढचे दिवे लावले की टेंपरेचरचा काटा चढतो.

"मीटर गेलंय का मामा? नवं किती बसंल?"

मिस्त्री उत्तर देत नाहीत. स्टिअरिंगखाली पाठीवर झोपतात. बल्बचा चिमटा बॅटरीच्या प्लसला, दाभण एकेका नटाला. पहिल्या नटाला बल्ब झगझगीत, दुसऱ्यालाही. तिसऱ्याला बल्ब जेमतेम लाल होतो. तिथंच दुखणं आहे. डॅशबोर्डची अर्थची वायर त्या बोल्टाला आवळलेली, आणि बोल्ट, थिंबल, पत्रा, तिन्ही गंजाखाली एक झालेले. दिव्यांचा करंट परतायला नीट वाट नाही. मग तो मीटरच्या वाटेनं परततो, आणि काटे भलतंच दाखवतात.

नट निघत नाही. डिझेल टाकून दहा मिनिटं वाट बघायची. पाना लावायचा. पुन्हा डिझेल. सुटल्यावर पत्रा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासायचा, जुनं थिंबल कापायचं, नवं दाबायचं, वर ग्रीस. पाऊण तास जातो. मिस्त्रींच्या पाठीला घामानं माती चिकटलेली.

"किती झाले?"

"दीडशे द्या."

"एक नट तर आवळला की."

मालक एकशे वीस देतो. मिस्त्री घेतात. नवं मीटर लागेल म्हणाले असते, तर हजार-बाराशे सुटले असते आणि मालकानं ते दिलेही असते, कारण हातात वस्तू आली असती. पाऊण तास दुखणं शोधण्यात आणि सोडवण्यात गेला. ते शोधणं कुणाच्या हातात ठेवता येत नाही. त्याचे पैसे मागताना मिस्त्रींचा आवाज खाली येतो. हे मला दिवसभर पुन्हा पुन्हा ऐकू येणार आहे.

१०.१५

फोर्सची क्रूझर. वर कॅरिअर. पुढच्या काचेवर मागच्या लग्नाची नावं अजून तशीच. ड्रायव्हर तिशीतला, गाडी मालकाची, याला दिवसाचे सहाशे. एक वाजता वऱ्हाड उचलायचंय. लग्न संध्याकाळचं, धारूरला. १७ सप्टेंबर २०२५ ला बीड-अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली, पण धारूरच्या वऱ्हाडाला अजून क्रूझरच लागते. वडवणी, तेलगाव आणि मग धारूरचा घाट. अरुंद, वळणांचा, चढाला उभा.

"मामा, टेंपरेचरचा काटा हालंना. चार दिस झाले खालीच पडून हाय. तसं बरंच हाय म्हना, गाडी थंड हाय."

मिस्त्री बोनेटजवळ तळहात धरतात. धरून लगेच काढतात. "बोनेट उघड."

सेन्सर हेडवर बसवलेला. त्याची वायर ते काढतात. चिमटा वायरीला, दाभण इंजिनाला, मध्ये बल्ब. वायर थेट इंजिनाला टेकवली तरी काटा चढतो, पण जुन्या मीटरची बारीक तार त्यानं जळू शकते. बल्ब मध्ये असला की करंट आवरतो.

"पोरा, काटा बघ."

"चढतोय उस्ताद. अर्ध्याच्या पुढं गेला."

म्हणजे मीटर चांगलं, फ्यूज चांगला, वायर चांगली. आता मल्टिमीटरची एक पिन सेन्सरला, एक इंजिनाला. सेन्सर तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी व्हायला हवा. इथं इंजिनाला हात लावता येत नाही, आणि सेन्सरचा आकडा गार इंजिनाचा आहे. कुणीही इथं सेन्सर बदलला असता. अडीचशे-तीनशेचा पार्ट, दहा मिनिटांचं काम, पैसेही बिनबोभाट मिळाले असते. मिस्त्री फडकं घेऊन रेडिएटरचा वरचा होस पाइप दाबतात. पाइप पोकळ लागतो.

"गाडीत पाणीच नाही रे."

सेन्सर लोखंडाची उष्णता मोजत नाही, त्याला भिडणाऱ्या पाण्याची मोजतो. पाणी खाली गेलं की सेन्सर कोरडा पडतो. आजूबाजूची वाफ आणि हवा त्याला तेवढं तापवू शकत नाही. मग इंजिन भाजत असताना काटा खाली येतो आणि ड्रायव्हरला वाटतं गाडी थंड आहे. गाडी चालवायला शिकवणाऱ्या प्रत्येकानं पहिल्या आठवड्यात ही गोष्ट सांगायला हवी. मला कुणी सांगितली नव्हती.

ड्रायव्हर लगेच कॅपकडे हात नेतो. मिस्त्री त्याचं मनगट धरतात. आत दाब आहे. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, पण कॅप उघडताच सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. थांबायचं. इंजिन बंद, बोनेट वर.

ड्रायव्हर फोनवर. आधी मालकाचा फोन, मग नवरदेवाच्या चुलत्याचा, मग पुन्हा मालकाचा. "हो हो, येतोच हाय. नाक्यावर हाय." मिस्त्री तेवढ्यात एका ॲपे रिक्षाचा हॉर्न करून देतात, साठ रुपये. एका मोटारसायकलचा मागचा दिवा, तोही साठ.

११.१०

कॅपवर ओलं पोतं. पाव फेरा. फुस्स आवाज येऊन थांबतो. मग पूर्ण. आत पाणी दिसत नाही.

गळती शोधायला वेळ लागत नाही. खालच्या होसची क्लिप गंजून ढिली झालेली, पाइपाच्या टोकाला हिरवट पांढरा डाग. थेंब चालत्या गाडीतून रस्त्यावर पडत होते, म्हणून घरी उभ्या गाडीखाली ओल दिसली नाही. दोन नव्या क्लिपा, तीस-तीस रुपयांच्या. कूलंट ड्रायव्हर समोरच्या दुकानातून आणतो, लिटरला दोनशे ऐंशी. तो बिल मालकाला फोटो काढून पाठवतो.

पाणी भरण्यात मिस्त्रींची घाई नाही. इंजिन चालू करून, मगानं थोडं थोडं. तापलेल्या हेडवर गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जातो, आणि हेडचा खर्च या ड्रायव्हरच्या कितीतरी आठवड्यांच्या रोजाएवढा. चार लिटर जातं, वर आणखी अर्धं. पोरगं आत बसून ओरडतं, "हालला उस्ताद!" काटा तळातून उठतो. हळू चढतो. अर्ध्याच्या जरा खाली येतो. आतला थर्मोस्टॅट उघडतो, खालचा होस गरम लागतो, काटा तिथंच राहतो. मीटरला कुणीही हात लावलेला नाही.

मिस्त्री रेडिएटरच्या तोंडाशी वाकून बराच वेळ बघतात. बुडबुडे सतत येत असतील तर हेडगॅस्केट गेलं. येत नाहीत. हे मर्सिडीजच्या ओएम ६१६ वरून आलेलं जुन्या घडणीचं डिझेल इंजिन आहे. त्याचं सोसणं मोठं आहे.

"घाटात दम कमी वाटला होता का?"

"परवा वाटला होता. म्हणलं, माणसं जास्त हायत."

दोनशे मजुरी, साठच्या क्लिपा. ड्रायव्हर अडीचशे देतो. मिस्त्री खिडकीतून सांगतात, "तेलगावात थांब, होस बघ. मगच घाट चढ. आन् काटा एकदम खाली पडला तर त्याला चांगलं समजू नको." क्रूझर बारा वाजता जाते.

दुपारी १२.३५

महिंद्राची जुनी कमांडर. स्पीडचा काटा वीस ते साठमध्ये झुलतो. या गाडीत सेन्सर नाही, केबल आहे. गिअरबॉक्समधून निघालेली तार मीटरपर्यंत फिरत येते आणि एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनिअमची वाटी असते. दोन्हींचा एकमेकांना स्पर्श नाही. चुंबक फिरला की वाटीत करंट तयार होतो, ती मागोमाग वळू पाहते, बारीक स्प्रिंग तिला अडवते. ती जेवढी वळली तेवढा वेग. या रचनेचं पेटंट ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये घेतलं. बार्शी नाक्यावर ती अजून दुरुस्त होते.

केबल कोरडी पडलीय, म्हणून अडखळत फिरते. मिस्त्री आतली तार ओढून काढतात, पेट्रोलनं धुतात, फरशीवर लोळवून बघतात. सरळ लोळली, म्हणजे बाक नाही. मग ग्रीस, पण वरच्या टोकाची वीतभर जागा कोरडी ठेवतात. तिथं ग्रीस लावलं तर ते चढत मीटरमध्ये जातं, वाटी चुंबकाला चिकटते आणि काटा शंभरावर जाऊन बसतो. दीडशे रुपये. या गिऱ्हाइकानं भाव केला नाही.

१.४०

डबे उघडतात. ज्वारीची भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी. पोरगं एकोणीस वर्षांचं, आयटीआयचा वायरमन कोर्स झालेलं. रोज तीनशे. आई-वडील ऊसतोडीला, कोयत्यावर असतात, मार्चच्या शेवटी परतले. पाच महिने ते आणि धाकटी बहीण आजीजवळ होते. त्याला मोबाइल दुरुस्ती शिकायची होती. तिथं उभं राहायला आधी पैसे भरावे लागतात. इथं नाही. मिस्त्री स्वतः जालन्याला एका उस्तादाकडे शिकले. पहिली दोन वर्षं जेवण होतं, पगार नव्हता.

जेवताना धडा चालू. टेबलावर एका जीपचं फुटकं मीटर आहे. काट्यामागे दोन धातूंची चिकटवलेली पट्टी, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. करंट गेला की तार तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. म्हणून जुन्या गाडीचा काटा चावी फिरवल्यावर सावकाश चढतो. बाजूला एक छोटी डबी, ती बॅटरीचा करंट दहा व्होल्टांवर आवरून डिझेल आणि टेंपरेचर दोन्ही काट्यांना देते.

"ही डबी चिकटली तर काय व्हईल?"

पोरगं घास थांबवून विचार करतं. "दोन्ही काटे वर जातील."

"मग दोन्ही मीटरं बदलायची का?"

"नाही. डबी."

"दोन काटे एकदम खोटं बोलले, तर काट्यांना हात लावायचा नाही."

२.२०

पांढरी हॅचबॅक. जिल्हा रुग्णालयात नर्स असलेल्या ताई सकाळची ड्यूटी संपवून आल्यात. स्पीडचा काटा गाडी बंद केली तरी वीसवर राहतो. परवा तर शून्याच्या खालच्या खुंटीलाच जाऊन अडकला होता. एका वर्कशॉपनं पूर्ण मीटर बदलायला सांगितलं, चौदा हजार. ताईंनी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवलाय.

दुपारचं सगळं या कामात जाणार. मिस्त्री दुसरा चष्मा लावतात. पंखा बंद करतात, धुळीसाठी. टेबलावर धुतलेला पांढरा टॉवेल. बॅटरीची मायनस वायर काढली. स्टिअरिंग खाली केलं, कडेची पट्टी उचकटली, चार स्क्रू, मागची एक मोठी कपलिंग, आणि मीटर बाहेर. पुढची काच आठ खिट्यांवर. खिटी मोडली की मीटर आयुष्यभर खडखडतं. प्रत्येक खिटीखाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवत ते एकेक सोडवतात. पोरगं श्वास धरून बघतं.

काटा काढायच्या आधी कागदी टेप डायलवर लावून काटा कुठं होता त्याची पेन्सिलीनं खूण. मग ते दोन चमचे. काट्याच्या बुडाला दोन्हीकडून, पाठ डायलवर, आणि दोन्ही हातांनी सारखा दाब. एका हाताचा जोर जास्त झाला तर आतली दांडी वाकते. काटा टुपकन वर येतो.

डायलखाली हिरवी पट्टी, आणि पट्टीवर काळी, चार पायांची छोटी मोटर. एक्स २७ जातीची. नव्या गाड्यांत काट्यामागे हीच असते. आत दोन कॉइल, एक चुंबक आणि १८० पट गती कमी करणारी प्लास्टिकची दातेचाकं. एका पावलात काटा अंशाचा तिसरा भाग सरकतो. पुरा फेर ३१५ अंश. या मोटरला आपण कुठं आहोत हे कळत नाही. गाडीचा कॉम्प्युटर फक्त पावलं मोजतो. चावी फिरवली की काट्याला खुंटीपर्यंत मागे रेटायचं आणि तिथं शून्य धरायचं, एवढंच त्याला माहीत. दाते झिजले, एखादं पाऊल घसरलं, की पुढचा सगळा हिशोब चुकीचा. ताईंची गाडी रुग्णालयाच्या आवारात रोज सहा तास उन्हात असते. आतलं वंगण सुकलंय, दातेचाक अडकतंय.

मल्टिमीटर लावतात. चांगल्या मोटरच्या प्रत्येक कॉइलला २८० ओहमच्या आसपास यायला हवं. दोन्हींना तेवढंच येतं. वीज ठीक, दाते खराब. ड्रॉवरमधून नवी मोटर निघते. छत्रपती संभाजीनगरहून दहाच्या पाकिटात मागवलेली, नगाला एकशे चाळीस.

वीज जाते. ३.०५ झालेत. सोल्डरिंग आयर्न थंड होतं. ताई बाहेर बाकावर बसून डोळे मिटतात. पोरगं टॉवेलची घडी मीटरवर पांघरतं. ३.३० ला वीज येते.

चार पायांचं जुनं सोल्डर वितळवून तांब्याच्या जाळीनं शोषून घ्यायचं. घाई केली तर पट्टीवरचा तांब्याचा पापुद्रा उचलला जातो आणि मग खरंच चौदा हजारांचं मीटर लागतं. मिस्त्री प्रत्येक पायाला दोन सेकंद आयर्न टेकवतात, उचलतात, फुंकर घालतात, पुन्हा टेकवतात. मोटर सुटते. नवी बसते. चार चमकदार ठिपके.

आता काटा. तो आधी बसवायचा नाही. मीटर गाडीला जोडून चावी चालू-बंद करायची, मोटर स्वतः मागे जाऊन शून्यावर थांबली की मग काटा खुणेवर अलगद दाबायचा. फार दाबला तर बूड डायलला घासतं. काट्याखालून कागद सरकतो का ते मिस्त्री बघतात. सरकतो.

४.२५

बायपासवर चाचणी. मिस्त्री गाडी चालवतात, पोरगं शेजारी मोबाइलवर जीपीएसचा वेग वाचतं, ताई मागे. जीपीएस चाळीस, काटा बेचाळीस. साठ, त्रेसष्ट. ऐंशी, चौऱ्याऐंशी. मिस्त्री खूश. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, म्हणून कंपन्या तो थोडा पुढेच ठेवतात. बरोबर जुळला असता तर त्यांनी काटा पुन्हा काढला असता.

ताई टेंपरेचरच्या काट्याबद्दल विचारतात, तो कायम मधोमध असतो, तोही अडकलाय का? नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत पाणी थोडं वर-खाली तापलं तरी कॉम्प्युटर काटा मध्येच धरून ठेवतो, चालवणाऱ्यानं उगाच घाबरू नये म्हणून. तो मध्य सोडून वर गेला तर लगेच थांबायचं, वाट बघायची नाही.

नऊशे रुपये. दुकानातला स्पीकर मोठ्यानं पैसे आल्याचं सांगतो. ताई तो कागद पर्समधून काढतात आणि कचऱ्याच्या डब्यात टाकतात.

५.१०

जुन्या गाड्यांचा एक दलाल. खुर्चीवर बसत नाही. एक डिझेल गाडी आहे, रनिंग दीड लाख झालंय, ऐंशी हजार करून पाहिजे. दोन हजार देतो. मिस्त्री मान हलवतात. तो तीन म्हणतो.

"टायमिंग बेल्ट कधी बदलायचा ते माणूस रनिंग बघून ठरवतो. बेल्ट तुटला की इंजिन जातं. मग ती गाडी टोचन करून माझ्याच दारात येती." दलाल दुसरीकडे जातो. नाक्यावर दुसरीकडे होतं, हे दोघांनाही माहीत आहे. पोरगं मान खाली घालून वायरी गुंडाळत होतं. तीन हजार म्हणजे त्याचा दहा दिवसांचा रोज.

५.४०

मारुती ८००. शेवटची ८०० कारखान्यातून निघाली जानेवारी २०१४ मध्ये, ही त्याच्या बरीच आधीची. पेट्रोलचा काटा पाऊण टाकीवर अडतो, डॅशबोर्डवर थाप मारली की सुटतो. मालक रिटायर झालेले एसटी कंडक्टर. थाप मारायची त्यांना सवय झालीय, पण आता मुलगी गाडी शिकतेय.

मीटर उघडल्यावर कारण डोळ्यांना दिसतं. उन्हानं डायलचा पातळ पत्रा पाऊणच्या खुणेपाशी फुगलाय आणि काटा तिथं घासतोय. मिस्त्री डायल सोडवतात, मागचा सुकलेला गोंद ब्लेडनं खरवडतात, नवा लावून वर वजन ठेवतात. तोवर काट्याकडे बघतात. नारिंगी रंग उडून पांढरा पडलाय. ड्रॉवरमधून नेलपॉलिश निघतं. एकच हात, तोही पातळ. रंग जाड झाला तर काटा टोकाशी जड होतो आणि पेट्रोल कमी दाखवू लागतो. अडीचशे रुपये. कंडक्टर सुट्टे मोजून देतात, दहा-दहाच्या नोटा एका दिशेनं लावलेल्या.

७.४५

वही. ट्रॅक्टर एकशे वीस, क्रूझर अडीचशे, कमांडर दीडशे, हॅचबॅक नऊशे, ८०० चे अडीचशे, हॉर्न, दिवा आणि संध्याकाळचा एक फ्यूज मिळून एकशे ऐंशी. एकूण अठराशे पन्नास. वजा : मोटर एकशे चाळीस, क्लिपा चाळीस, बल्ब आणि फ्यूज साठ, थिंबल-ग्रीस-पेट्रोल-गोंद साठ, चहा सत्तर, पोराचे तीनशे, भाड्याचे दीडशे, लाइटबिलाचे चाळीस. उरतात नऊशे नव्वद. ड्रमचे सत्तर राहिले, ते पोरगं आठवण करून देतं. नऊशे वीस. आज मोटरचं काम होतं. ते रोज येत नाही.

शटर अर्धं खाली आल्यावर एक पिकअप थांबते. ड्रायव्हर भाजीपाला घेऊन मोंढ्यात येतो. डिझेलचा काटा तळाला. टाकी भरली तरी तळालाच.

मिस्त्री बल्ब घेऊन गाडीखाली जातात. टाकीवरच्या वायरीला चिमटा, चेसिसला दाभण. पोरगं केबिनमधून, "चढला उस्ताद." मग टाकीतला फ्लोट. तो वरून काढावा लागतो.

"टाकीत आत्ता किती हाय?"

"सकाळीच दोन हजारांचं टाकलं."

"मग आज नाही. भरल्या टाकीत हात घातला की अर्धं डिझेल बाहेर येतं. उद्या दोन फेऱ्या मार, परवा सकाळी नऊला ये. भरून आणू नको."

"पण काटाच चालंना. किती उरलं कसं कळणार?"

"लिटरला किती देती गाडी?"

"बारा."

डिझेल नव्वदच्या पुढं आहे. मिस्त्री तोंडानं हिशोब करतात, बाविसाच्या आत लिटर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. "दीडशेच्या वर जाऊ नको. आत्ताचं रनिंग लिहून घे." ड्रायव्हर खिशातल्या मोंढ्याच्या पावतीच्या पाठीवर आकडा लिहितो. मिस्त्री तो केबिनमध्ये डोकावून पडताळून बघतात.

"आन् येताना फ्लोटचं रबर वॉशर घेऊन ये. पंधरा रुपयाला मिळतं. जुनंच परत बसवलं तर डिझेल पाझरतं."